वायू येऊन राहिला

पातूरला जायचं ठरवलं तेव्हा बायकोनं विचारलं, तिथे काय आहे? मी म्हटलं, जुनी लेणी आहेत. ते खोटं नव्हतं. पण ज्या कामासाठी निघालो होतो ते सांगायची मला लाज वाटत होती. लाज वाटली की मी माहिती सांगत सुटतो, ही माझी जुनी खोड आहे.

परत येऊन आता पंधरा दिवस झाले, तेव्हा सरळ सांगतो. मी माफी मागायला गेलो होतो, आणि तीही अर्धीच.

माझा धंदा रेडिओ खगोलशास्त्राचा, पुण्यातल्या एका संस्थेत. तारे ज्या ढगांत जन्मतात ते काळेकुट्ट असतात. त्यांच्यातली धूळ प्रकाश अडवते, म्हणून साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर आभाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. पण त्या थंड वायूतले काही रेणू आपापल्या ठरलेल्या सुरात रेडिओ लहरी सोडत असतात, आणि त्या लहरी धुळीतून आरपार आपल्यापर्यंत पोचतात. रेणू आपल्याकडे येत असला तर सूर किंचित चढतो, दूर जात असला तर उतरतो. शिट्टी वाजवत स्टेशनात शिरणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या गाडीचा होतो तसा. एवढ्याशा फरकावरून न दिसणाऱ्या वायूच्या हालचाली ओळखायच्या. ‘येतो की जातो’ या एका प्रश्नावर माझी छत्तीस वर्षं गेली.

तारा जन्माला येताना भोवतीचा वायू आत कोसळतो. आपल्या बाजूचा वायू केंद्राकडे, म्हणजे आपल्यापासून दूर जातो. पलीकडच्या बाजूचा वायूही केंद्राकडेच, पण म्हणून आपल्याकडे येतो. आलेखात त्यामुळे दोन उंचवटे दिसतात, एक येणाऱ्याचा आणि एक जाणाऱ्याचा. येणाऱ्याचा मोठा असला तर ढग कोसळतो आहे, तारा होणार. जाणाऱ्याचा मोठा असला तर ढग विस्कटतो आहे, तारा होणार नाही. बाकी बारकावे पुष्कळ आहेत, पण या हकिगतीला एवढे पुरतात.

प्रज्ञा माझी विद्यार्थिनी, मूळची अकोल्याजवळच्या पातूरची. सहा वर्षांपूर्वी तिनं अशा एका ढगाचा अभ्यास केला आणि तो कोसळतो आहे असं मला सांगितलं. मी तिच्या वहीतल्या एका पानाची झेरॉक्स मागवली. लहान उंचवट्याशेजारी तिनं शाईनं लिहिलं होतं, ‘अलीकडचा वायू. येऊन राहिला.’ ‘येऊन राहिला’ म्हणजे तिच्या बोलीत ‘येतो आहे’. लहान उंचवटा येणाऱ्याचा, तर मोठा जाणाऱ्याचा. म्हणजे पोरीनं आलेखाची दिशाच उलटी धरली, असं मी ठरवलं. आमच्यात ही चूक नेहमी होते. सगळ्यांसमोर, बैठकीत, मी म्हणालो की जिला येणं आणि जाणं कळत नाही तिनं ताऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. आलेख उलटा केला आणि ढग विस्कटतो आहे असा निबंध छापला. तिनं त्यातून स्वतःचं नाव काढायला सांगितलं, तेव्हा मला बरंच वाटलं. महिन्याभरात ती संस्था सोडून गेली. आई आजारी आहे, एवढंच कारण तिनं अर्जात लिहिलं होतं.

यंदा वेगळ्याच कामासाठी त्या ढगाकडे पुन्हा दुर्बीण वळली. तो कोसळतो आहे. आलेख तिचाच बरोबर होता.

मी शुद्धिपत्र लिहिलं. त्यात तिचं नाव पहिलं घातलं आणि एक वाक्य लिहिलं: ‘विद्यार्थिनीच्या नोंदीतील त्रुटीमुळे आलेखाची दिशा उलटली.’ माझ्या मनात हिशेब अगदी चोख होता. वहीत चुकीचं लिहिलं ही तिची चूक, आणि त्यावर मी विसंबलो ही माझी. चूक दोघांची अर्धी अर्धी. तिची संमती घ्यायची होती. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. ती पातूरला शाळेत शिकवते असं कळलं होतं. शाळेत निरोप ठेवला, तर उत्तरादाखल फक्त पत्ता आला.

अमरावती

अमरावतीच्या एका कॉलेजात व्याख्यान ठरवून घेतलं, म्हणजे प्रवासाला निमित्त झालं. तिथले प्राध्यापक वानखडे मला घ्यायला आले. माणूस उमदा. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग, त्यामुळे त्यांच्या गाडीला, कोटाला आणि बहुधा वह्यांनाही संत्र्याचा वास. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटला होता. काळ्या जमिनीवर इतका पांढरा रंग मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी गिला वडा, म्हणजे भिजवून दही घातलेला वडा, खायला नेलं. हातगाडीवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू का जी वरून?" मी म्हटलं, नको, दह्यावर सांबार कशाला. तो माझ्याकडे बघत राहिला. वानखड्यांनी हसून सांगितलं की इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मीही हसलो आणि मनात म्हटलं, काय एकेक शब्द असतात या लोकांचे. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात या वड्यापाशी आहे, आणि तेव्हाही मला काही समजलं नाही.

पुण्यात व्याख्यानानंतर आभार मानतात आणि लोक चपला शोधायला लागतात. इथे कोणी हललं नाही. एक म्हातारे गृहस्थ, कचेरीतून निवृत्त झालेले, उभे राहिले.

"तुमी भाइरून पाहून राहिले, ते समजलं," ते म्हणाले. "पन आत बसलेल्याले काय दिसत असन?"

मी म्हणालो, आत कोणी बसलेलं नसतं. लोक हसले, ते खाली बसले. पुण्याच्या सभागृहात असं उत्तर फार खपतं. इथे मला ते जरा उर्मट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

बस स्टँड

दुसऱ्या दिवशी वानखडे गाडीनं सोडतो म्हणत होते. मीच नको म्हटलं. माफी मागायला दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ नये असं वाटलं. त्यांनी निदान पिशवीभर संत्री तरी घ्या म्हणून ती गळ्यात मारली आणि मला बस स्टँडवर सोडून ते तासाला गेले.

फलाटावर एक लाल गाडी उभी होती. पाटी धुळीनं माखलेली. कंडक्टर दाराशी विडा जमवत होता. मी विचारलं, ही अकोल्याला जाणार ना?

"जाते काय जी," तो म्हणाला, "येऊन राहिली हे."

मी समजलो, गाडी अकोल्याहून आताच आली आहे. बाकावर जाऊन बसलो आणि एक संत्रं सोललं. ते अर्धं व्हायच्या आत गाडी सुटली, आणि वळताना तिच्या मागच्या पाटीवर ‘अकोला’ स्पष्ट दिसलं. मी पिशवी घेऊन धावलो. पिशवी फाटली. माझ्या वयाचा माणूस फलाटावर संत्री वेचतो आहे हे पाहून चहावाला मदतीला आला. मी त्याच्यापाशी कंडक्टरची तक्रार केली: जाणाऱ्या गाडीला हा येऊन राहिली म्हणतो.

चहावाल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "तो अकोला डेपोचा मानूस हाय," तो म्हणाला. "सकाळी गाडी आनली, आता घरी चालला. त्याच्या लेखी ते येनंच झालं ना."

सगळी संत्री गोळा झाली, चारदोन फुटली होती तेवढी सोडून. पुढच्या गाडीला दीड तास होता. त्या दीड तासात मी बाकावर बसून झेरॉक्सचं ते पान काढलं. ‘अलीकडचा वायू. येऊन राहिला.’ त्या अक्षराकडे मी सहा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मग आणखी एक संत्रं सोललं आणि पान पुन्हा बॅगेत घातलं.

पातूर

अकोल्यात मुक्काम करून सकाळी पातूरची गाडी धरली. घर सापडायला वेळ लागला नाही. दार प्रज्ञाच्या वडिलांनी उघडलं. इंगळे त्यांचं नाव. उंच, वाळकुडे, पांढरा सदरा, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या खाली एका बाईचा हार घातलेला फोटो. अर्जातला आजार तिथे येऊन संपला होता. ते जय भीम म्हणाले, मी सवयीनं नमस्कार म्हणालो, मग अडखळत जय भीम म्हणालो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पानी घ्या," ते म्हणाले. "पोरीले येनं-जानं समजत नाही म्हननारे तुमीच का?"

आवाजात राग नव्हता. कोणत्या गावाहून आलात असं विचारावं तसं विचारलं. पुण्यात हा प्रश्न तिसऱ्या भेटीत, तोही आडून आला असता. मी हो म्हणालो. ते म्हणाले, बसा, आणि आत चुलीकडे गेले. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करत होते. पोरगी शाळेतून दुपारी येते, तोवर भाकरी गरम ठेवायची असते. तीस वर्षं अकोला डेपोत कंडक्टर होते, हे त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. मी संत्री काढून टोपलीत ठेवली.

प्रज्ञा स्कूटीवरून आली. केसांत एकदोन पांढरे. मला पाहून दारात क्षणभर थांबली, मग नीट पुणेरी मराठीत म्हणाली, "प्रवास बरा झाला ना, सर?" ही पुणेरी मराठी मीच तिला शिकवली होती. ‘करून राहिली’ म्हणू नये, ‘करते आहे’ म्हणावं, असं मी तिला चहाच्या टेबलावर किती वेळा सुचवलं असेल त्याला गणती नाही.

ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मी पोटभर जेवलो. कोणी विषय काढला नाही. माझ्याकडे जेवताना कामाचं बोलतात. इथे जेवताना जेवतात, आणि त्यामुळे पुढचं सगळं लांबणीवर पडून माझी घालमेल वाढत होती.

जेवणं झाल्यावर मी कागद काढले. नवा आलेख पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. मी सुटलो असं मला वाटलं. मग तिनं शुद्धिपत्र वाचलं. ‘विद्यार्थिनीच्या नोंदीतील त्रुटीमुळे’ इथे बोट ठेवलं, तसंच ठेवून बसली. कागद घडी करून मला परत दिला. उठून कपाटातून एक वही काढली, पिशवीत घातली आणि म्हणाली की लेणी पाहून येऊ.

लेणी गावाबाहेर टेकडीच्या अंगाला आहेत. साधी, कोरीव काम फारसं नाही. जाड खांब आणि मागे अंधार. ऊन कडक होतं, त्यामुळे रस्त्यावरून आतलं काहीच दिसत नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, सर, तुम्ही इथेच थांबा. ती एकटी आत गेली आणि त्या काळोखात दिसेनाशी झाली. मागून दोन बायका आल्या, बहुधा मायलेकी, आणि लेण्याकडे निघाल्या.

आतून प्रज्ञाचा आवाज आला. "सर, त्या बाया काय करून राहिल्या?"

मी म्हटलं, आत जाताहेत.

"मले तर येऊन राहिलेल्या दिसतात," ती म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो. अमरावतीचे ते म्हातारे गृहस्थ आठवले, ज्यांना मी चारचौघांत गप्प बसवलं होतं. फलाटावरचा कंडक्टर आठवला. मग उन्हातून आत गेलो. ती एका दगडी ओट्यावर बसली होती. वही उघडून तिनं मला ते पान दाखवलं, ज्याची झेरॉक्स माझ्यापाशी होती. मग पान उलटलं. मागच्या बाजूला मोठ्या उंचवट्याविषयी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पलीकडचाही येऊन राहिला. सगळेच घराकडं.’

दोन्ही बाजूंचा वायू आपल्याकडे येऊच शकत नाही. पान उलटून पाहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे पृथ्वीवरून लिहिलेलं नाही. हे जन्मणाऱ्या ताऱ्याजवळ बसून लिहिलेलं आहे. आलेखात दिशेची चूक कुठेही नव्हती. वहीतही नव्हती.

ती सांगत होती, मी ऐकत होतो. बाबा मुक्कामाच्या गाडीवर असले की आई शेजारच्यांच्या फोनवर विचारायची, कुठे आहात. बाबा अमरावतीहून निघालेले असोत की यवतमाळहून, उत्तर एकच, येऊन राहिलो. तिथल्या लोकांना ते जाताना दिसत असतील. पण घरात बसलेल्यांना त्याच्याशी काय करायचं? तारा म्हणजे घर, एवढं साधं तिनं धरलं होतं. ते टिपण तिनं स्वतःसाठी केलेलं होतं, माझ्यासाठी नव्हे.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" मी विचारलं, आणि विचारताना माझी मलाच शरम वाटली.

"सांगत होते, सर. तुम्ही ‘येऊन राहिला’ मोठ्यानं वाचलंत आणि हसलात. मग सगळेच हसले." ती थांबली. पुढचं बोलताना तिची पुणेरी भाषा गळून पडली. "त्याचं काही नाही. लोक हसतच असतात. पन जायच्या दिवशी मी तुमच्या खोलीत आली होती. दारात उभी राहून म्हनलं, येते, सर. कोनी येते म्हनलं तर मानूस ‘ये’ म्हनते. तुमी वर पायलं नाही. तुमी म्हनले, जा."

मला ते आठवत नव्हतं. आठवत नाही हे जास्त वाईट होतं. असं मी म्हणालो असणार, यात मला क्षणभरही शंका वाटली नाही. जन्मभर प्रत्येक घरातून निघताना मी ‘येतो’ म्हणत आलो आहे. दुसऱ्याच्या घरात उभं राहून, त्याच्या जागेवरून बोलायचा तो शब्द आहे. तिची वही वाचायला मला त्याहून अधिक काही येण्याची गरज नव्हती. एका हुशार माणसाच्या सहा वर्षांची मी माती केली होती, आणि पुण्याहून निघताना तिच्या वाट्याची अर्धी चूक सोबत बांधून आणली होती. मला रडू आलं. लेण्यात अंधार होता ते बरं झालं.

मी शुद्धिपत्र काढलं, ते वाक्य खोडलं आणि ओट्यावर कागद ठेवून नवं लिहिलं: ‘मूळ नोंद व मूळ आलेख अचूक होते. नोंद वाचताना माझ्याकडून चूक झाली.’ तिच्या हातात दिलं. तिनं लेण्याच्या तोंडाशी, उजेडात नेऊन वाचलं. माझं पेन मागितलं.

"‘माझ्याकडून चूक झाली’ नाही, सर," ती म्हणाली. "‘मी चूक केली.’"

पेन तिनं माझ्याकडे परत दिलं. वाक्य मीच दुरुस्त करावं अशी तिची इच्छा होती. मी केलं.

घरी येईपर्यंत तिनं बाकीचं सांगितलं. नव्या निरीक्षणाचे कच्चे आकडे पाठवा, मी स्वतः तपासेन, तपासल्याशिवाय माझं नाव छापू नका. संस्थेत परतण्याविषयी मी विचारलं, तर नाही म्हणाली. शाळेत तिची पोरं आहेत, बाबा आहेत. अंगणात टोपली घेऊन बसलेल्या इंगळ्यांनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. दोन संत्री सोलून ठेवलेली होती, ती पुढे केली.

संध्याकाळच्या गाडीला दोघंही सोडायला आले. इंगळ्यांनी कंडक्टरला माझ्याविषयी काहीतरी सांगून खिडकीची जागा धरून दिली. मी पायरीवर उभा होतो. शिकवायची सवय लागलेल्या माणसाला निघताना चार वाक्यं बोलल्याशिवाय राहवत नाही, तीही जमवून ठेवली होती. ती राहू दिली.

"येतो," मी म्हणालो.

गाडी सुरू झाली होती, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला होता. प्रज्ञा इतका वेळ बोलली नाही की मला वाटलं, हा शब्द आता मला परत मिळणार नाही, आणि ते रास्तच होईल.

"या, सर," ती म्हणाली.